जावईबापूंनी टपरी उचलली

न्हाई, तुमी बसा, चहा उकळायलाय, तवर आयका आन तुमीच सांगा... जावयाला 'गप बसा' म्हनता येतं का? येत न्हाई ना? बरं, साध्या दिवसांत येत न्हाई, मग धोंड्याच्या महिन्यात कसं यावं? जावयाला नारायण म्हनून पाटावर बसवायचं, पुरनाचे धोंडे वाढायचे, वरून तुपाची धार, नवी कापडं, ववाळनी... आन ह्या नारायणानं जेवून, हात धुवून, ढेकर देऊन काय म्हनावं? "आई, टपरी हलवायचं काम माझ्यावर सोपवा!" मी म्हनले, ऱ्हाऊ द्या, तुमी निवांत झोपा. तोंडानं न्हाई वो, मनात! तोंडानं म्हनले, "तुमी म्हनताव तसं, जावईबापू."

झालं! तितंच सगळा घोळ झाला.

आता टपरी म्हंजी काय, तुमच्या फुडंच हाय. लोखंडी अँगल, वर पत्रा, फुडं फळी, मागं दार. लोहाऱ्यात ह्या रस्त्याला मी चहा आन चुरमुऱ्याचा सुशीला इकते ते आमची शिवांजली झोळीत व्हती तवापासून. ह्याच फळीखाली झोळी बांधलेली, एका हातानं झोळी हलवायची, एका हातानं चहा गाळायचा. हितंच पोरगी पाढे म्हनली, हितल्याच चहावर पुन्याला कॉलेजात गेली, आन तिकडून घिऊन आली ह्यास्नी, कृष्णराजरावांस्नी! न्हाई, मानूस सोन्यासारका हाय, पोरीला फुलासारकं ठिवतेत, माझं काई म्हननं न्हाई. पर काम काय करतेत ते मला आजून कुनाला सांगता येत न्हाई. शांताक्का इचारली, "द्वारकाबाई, जावई काय करतेत वो?" मी म्हनले, "कंपनीतल्या मानसांनी मिळून कसं ऱ्हावं ते शिकिवतेत." तर म्हनली, "म्हंजी भांडनं सोडवायला ठिवलेत व्हय?"

तर रस्ता रुंद व्हायचं ठरलं. मानसं आली, नालीच्या पल्याड पांढऱ्या फक्कीची रेघ मारली, म्हनले, "टपऱ्या रेघंमागं घ्या. उद्या सकाळी जेसीबी येनार. रेघंफुडं जे घावंल ते भुईसपाट!" आन गेले.

मला त्याचं काई नवं न्हाई बगा. कधी रस्ता येतोय, कधी नाली येतीय, कधी कुना साहेबाची गाडी येतीय. माझी टपरी जेवढी हिंडलीय तेवढी मी हिंडले न्हाई! आन हलवायची रीत ठरलेली हाय. आमचा बब्रुवान हाय ना, भुसारावर हमाली करतोय, बैलासारका खांदा, तो एक कोपरा एकटा धरनार, बाकी तीन कोपऱ्यांना बाकीची तरनी पोरं, आन हाळी द्यायची मी! "हर हर महादेऽऽव!" की टपरी वर. "चला!" की चालली. "ठिवा!" की ठिवली. दुधाला उकळी यायच्या आत काम खलास. कुनी कुनाला काई इचारायचं न्हाई.

ते जावईबापूंच्या डोळ्यात खुपलं. म्हनले, "आई, एकानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी ओझं वाहायचं, ही जुनी पद्धत झाली. टीममधल्या प्रत्येकाला आपापल्या परीनं हातभार लावू द्यायचा असतो. आवडीचं काम असलं ना, की ओझं वाटतच नाही."

म्या टपरीकडं बगितलं. लोखंडाची हाय वो! आवडीनं उचला न्हाई तर नावडीनं, वजन तेवढंच! पर म्हननार कोन? शिवांजली मागनं डोळे वटारायली. मी म्हनले, "व्हय की. आपापल्या परीनं."

आन मग काय करावं ह्यानी? दुपार कलल्यावर सगळ्यांस्नी बोलावलं आन सतरंजी हातरली. भर रस्त्याकडंला! सगळे गोल करून बसले. मी फुडं झाले तर मला म्हनले, "आई, तुम्ही फक्त सगळ्यांना चहा द्या." मी चहा ठिवला. जावईबापू मधी उभे ऱ्हाऊन हात जोडून इचारायलेत, "बब्रुवान दादा, मला सांगा, तुम्हाला काय करायला मनापासून आवडतं?"

आता बब्रुवानला आजवर एकच गोष्ट इचारलेली, "किती पोती उचलशील?" तो येडबडला. इकडं बगितलं, तिकडं बगितलं, मान खाली घातली, आन नव्या नवरीगत म्हनतोय कसा, "मला... मला मापं काढायला आवडतंय."

मापं! आरं बाबा, तू माप काढल्यावर तुझा कोपरा कोन धरायचा? पर जावईबापूंनी टाळ्या वाजिवल्या, चन्नबसप्पांच्या दुकानातनं टेप आनवला आन बब्रुवानच्या हातात दिला. त्यो टेप बगून त्या पैलवानाचे डोळे भरून आले, आता मी काय बोलू?

फुडं लिंबाजीतात्या. पारावर बसतेत ते. हातात काठी, गुडघे बोलतेत, दोन पावलं टाकली की एकदा थांबतेत. "तात्या, तुम्हाला?" तात्या काठी आपटून म्हनले, "मला उचलायचंय! ही पोरं मला पाच-धा वर्सं झाली, तात्या सरका, तात्या बाजूला बसा, तात्या पाय फुडं घिऊ नका... आज मी उचलनार!" आन तात्यांचं बगून पारावरचे सगळे म्हातारे उठले, "आमी बी उचलनार!" आन तरनी पोरं? तरन्या पोरांस्नी इचारलं तर ती म्हनली, "आमाला शूटिंग करायला आवडतंय." काढले मोबाईल, बसली फटफटीवर!

बगितलंव का? ज्यानं उचलायचं त्यो मोजनार, ज्यानं बसायचं त्यो उचलनार. आपापल्या परीनं!

मग आले चन्नबसप्पा. हार्डवेअरचं दुकान हाय त्यांचं, लई गरीब सभावाचा मानूस, गिऱ्हाईक भांडाय लागलं तर हे पानी पाजतेत. ते म्हनले, "एक डाव हाळी द्यायची इच्छा हाय बगा. जल्मभर दुकानात हळूच बोललो." म्हंजी माझी हाळी गेली की वो! मी चहाचं पातेलं धरून तशीच उभी. शांताक्का म्हनली, "मला वाट दाखवायला आवडतं." तिला आवडनारच! तिची टपरी माझ्या शेजारी, तीबी चहाचीच, तिची रेघ मारल्या मारल्याच मागं गेलेली. माझी टपरी तिच्यापासनं लांब कशी जाईल ह्याची वाट ती लग्न होऊन आल्यापासनं बगायलीय! आन शेवटी आमचे मालक, कोंडीराम. त्यांस्नी जावयानं इचारलं, "मामा, तुम्हाला?" तर हे म्हनले, "मी आतनं उचलतो."

मी म्हनले, "आतनं कसं उचलताव वो?"

"आत बसून बरन्या धरतो. दुधाचं पातेलं धरतो. सांडू देत न्हाई." आन शिरले आत, दार लावून घेतलं, पातेलं कवटाळून मांडी घालून बसले. आता तुमी मला सांगा, टपरी हलकी झाली का जड?

बरं, सुरू झालं. कोपऱ्यांना म्हातारे लागले. चन्नबसप्पांनी घसा साफ केला, फेटा नीट केला, आन हाळी दिली, "अं... उचलता का जरा? सावकाश बरं का... घाई न्हाई... आदी दम खाऊन घ्या पायजे तर..."

म्हाताऱ्यांनी दम खाल्ला! बसलेच की खाली! उठवले परत. जोर लावला, तात्यांचं तोंड लालबुंद, गुडघे कडाकडा, आन टपरी? टपरी ढिम्म! आतनं मालक इचारायलेत, "आलो का रेघंमागं?"

तेवढ्यात उमरग्याची यष्टी आली आन सतरंजी बगून थांबली. डायव्हर म्हनला, "काय कीर्तन हाय का काय?" जावईबापू लगेच यष्टीच्या दारात, "या ना, ज्यांना उचलायला आवडतं त्यांनी या!" आन तुमाला सांगते, आख्खी यष्टी उतरली! बाया, बापे, एक पोलिओचा डोस द्यायला निघालेली बाई, कुनाची तरी सासू... उकाड्यानं आत जीव निघालेला, त्यांस्नी कारनच पायजे व्हतं. समद्यांनी हात लावले, आन उचलली की वो टपरी! माझ्याच अंगावर काटा आला. मी म्हनले, चुकलंच आपलं, जावई शिकलेला हाय, त्याला कळतं.

टपरी निघाली. चार पावलं गेली न गेली तर बब्रुवान आडवा, "थांबा, थांबा! मोजतो." आधांतरी थांबले बिचारे. हा टेप सोडतोय, दुसरं टोक धरायला कोन न्हाई, टेप सर्रकन माघारी! परत सोडतोय, परत माघारी! टपरीखालनं यष्टीतली बाई वरडायली, "आरं मेल्या, हात तुटायले!" शांताक्का नालीवर उभी ऱ्हाऊन, "आनखी तिकडं... आनखी तिकडं... अजून, अजून लांब..." तिचा हात रस्त्याकडंच! खाली घातलेल्या मुंड्यांना काय दिसतंय, ती म्हनती तिकडं चालली टपरी. मला दिसायलं, की ही नालीकडं न्हाई, रस्त्यात चाललीया! हातात पातेलं, मी चन्नबसप्पांकडं बगितलं, म्हनले, "आवो, 'ठिवा' म्हना की! माघारी फिरवा म्हना!" तर ते घाम पुसत म्हनायले, "वयस्कर मानसं हायत, द्वारकाबाई. ठिवा म्हनून कसं सांगायचं? त्यांचं त्यांस्नी वाटंल तवा ठिवतील."

मी पातेलं तितंच फेकून हाळी देनार व्हते बगा. तोंड उघडलं बी व्हतं. तर जावईबापू माझ्याकडं बगून हसले, आन अंगठा दाखिवला. नारायणच वो! मिटलं तोंड.

आन तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. टिन टिन!

यष्टी सुटायलीय म्हनल्यावर कोन टपरी धरतंय? धाडकन सोडली आन सगळे पळाले गाडीत! कुनाची चप्पल ऱ्हायली, कुनाची पिशवी. यष्टी गेली. धुरळा बसला. बगते तर टपरी... रस्त्याच्या मधोमध! पयली निदान कडंला तरी व्हती वो! आता बरोबर मधी. दोन्ही बाजूंनी जीपा चालल्यात, टपरीला वळसा घालून, जसा काय कुना पुढाऱ्याचा पुतळा हाय. वरून आपटल्यामुळं पत्रा वाकून दार गच्च बसलेलं. आतनं मालक, "आलो का रेघंमागं?"

म्हाताऱ्यांच्या अंगात त्रान न्हाई. तरन्या पोरांचं शूटिंग झालेलं. अंधार पडला, जो तो जेवायला गेला. जाताना परत्येकजन जावईबापूंच्या हातात हात देऊन, "लई मजा आली, लई मजा आली." आपापल्या परीनं समद्यांस्नी मजा आली! मालकांस्नी म्या फळीवरनं भाकरी दिली. खाल्ली आन म्हनले, "हितं बरं वाटतंय गं, दोन्हीकडनं वारं येतंय." आन दुधाचं पातेलं तसंच कवटाळून झोपी गेले. काय म्हनावं?

आता चेष्टा बाजूला ठिवून सांगते. रातभर मला डोळा लागला न्हाई. दुसऱ्यांस्नी टपरी म्हंजी पत्रा हाय, माझा सौंसार हाय त्यो. ह्या वयात परत उभी कुठनं करू? जावयाला बोलावं तर पोरीचं मन मोडतंय, न बोलावं तर चूल मोडतीय. शिवांजली उशापाशी आली, म्हनली, "आई, रागावलीस?" मी म्हनले, "न्हाई गं, झोप." आन पदरानं डोळं पुसलं.

उजाडलं न उजाडलं तर आला की जेसीबी! पिवळाधमक, घरघर करत. मागनं साहेबाची जीप. साहेब उतरले, टपरीकडं बगितलं, आन त्यांचं तोंडच उघडं ऱ्हायलं. म्हनले, "आजवर लोकांनी रेघंमागं घेतलेल्या टपऱ्या बगितल्या, न घेतलेल्या बगितल्या. पर रस्त्याच्या मधी आनून ठिवलेली पयल्यांदाच बगायलोय! पाडा!"

मी पळाले, टपरीला पाठ लावून उभी ऱ्हायले. आत मानूस हाय म्हनून वरडावं, तर त्या घरघरीत आयकू कुनाला जानार? आन जावईबापू कुठं? तर जेसीबीच्या फुडं! हात जोडून! मी म्हनले, संपलं. हे आता त्याला बी इचारनार.

इचारलंच! "दादा, नाव काय तुमचं?" "अमरसिंह." "अमरसिंहदादा, एक सांगा, तुम्हाला मनापासून काय करायला आवडतं?"

त्या पोरानं मशीन बंद केली. घाम पुसला. मग म्हनला, "दादा, रोज पाडतोय मी. सकाळी पाडतोय, दुपारी पाडतोय, बायामानसांचे तळतळाट घेतोय. मला एक डाव काईतरी उचलून... नीट ठिवायचंय."

साहेब म्हनले, "आवो, वेळ काय, काम काय..." तर जावईबापू त्यांच्याकडं वळले, "साहेब, तुम्हाला?" साहेबांनी आपल्या मानसांकडं बगितलं, जरा लाजले, आन हळूच म्हनले, "मला टेपचं टोक धरायला आवडायचं. साहेब झाल्यापास्नं कुनी धरू देत न्हाई." बब्रुवाननं काय केलं म्हनताव? पळत जाऊन टोक त्यांच्या हातात दिलं. कालपास्नं त्याला दुसरं टोक धरनारं मानूस घावत नव्हतं!

आन मग झालं वो काम. चन्नबसप्पांनी दुकानातनं साखळी आनली, अँगलला घातली, म्हनले, "उचलता का जरा?" आन जेसीबीला काय, हळू बोला न्हाई तर मोठ्यानं, उचलतंयच ते! अमरसिंहानं आशी अलगद उचलली टपरी, जसं पाळन्यातलं लेकरू. तात्या आन त्यांचे सोबती खालनं नुसता हात लावून चाललेले, पर कुथायले आसे, जसा काय सगळा भार त्यांच्याच डोक्यावर! आतनं मालक फळीवरनं वाकून बगत, "आता वर कशाला चाललो?" नाली वलांडली, रेघ वलांडली, बब्रुवान आन साहेब दोघं मिळून माप वरडायले, शांताक्का "वळवा, आनखी वळवा, आनखी" म्हनायली, आन टेकली भुईला. धक्क्यानं दार बी उघडलं, आन मालक बाहेर आले, पातेलं काखंत, एक थेंब सांडला नव्हता!

रेघंमागं गेली खरी. पर शांताक्कानं वळवून वळवून तिचं तोंड शेताकडं आन पाठ रस्त्याकडं केलेली. जेसीबीची साखळी सोडल्यावर माझ्या ध्यानात आलं! म्हनून तुमाला नाली वलांडून, मागनं वळसा घालून यावं लागलं. समद्यांनी टाळ्या वाजिवल्या, तात्यांची मिरवनूक काढायची म्हनायले, अमरसिंहाला कुनी तरी "शाब्बास" म्हनलं तर त्यो ढसाढसा रडला. आपापल्या परीनं!

मग सतरंजी परत हातरली. आन जावईबापू माझ्याफुडं येऊन बसले. म्हनले, "आई, सगळ्यांना विचारलं. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं. तुम्हाला काय आवडतं?"

तुमाला सांगते... ह्या फळीमागं आख्खी जिंदगी गेली, लोकांनी मला साखर कमी हाय का इचारलं, दूध म्हशीचं का गाईचं इचारलं, यष्टी गेली का इचारलं. पर हे? हे बाईमानसाला कोन इचारतंय? मी म्हनले, "जावईबापू, मला... दुसऱ्यानं केलेला चहा प्यायचाय. बसून."

"बास? एवढंच?" म्हनले, आन उठले. "चला! आईंसाठी चहा. प्रत्येकानं आपापल्या परीनं!"

मी म्हनले, नगं वो, एकानंच करा! मनात!

बब्रुवाननं पातेल्यात टेप सोडून पानी मोजलं. त्याच टेपनं, नालीतनं गेलेल्या! चन्नबसप्पा साखर टाकताना परत्येकाला "पुरं का?" इचारायले, आन परत्येकजन "आनखी एक" म्हनायला. शांताक्का आलं किसायली, "अजून, अजून..." तात्यांस्नी पातेलं उचलायचंच व्हतं, त्यांनी ते चुलीवरनं उकळी फुटायच्या आतच उचललं. अमरसिंहानं डिझेलच्या हातांनी पत्ती चुरगाळून घातली, साहेबांनी गाळनीचं एक टोक धरलं. आन आमच्या मालकांनी, छाती फुगवून, दूध वतलं. कुठलं? कालपासनं वैशाख-जेठाच्या उकाड्यात, पत्र्याच्या टपरीत, काखंत धरून ठिवलेलं!

पातेल्यात बगितलं म्या. नासून चोथा वर, पानी खाली. कपात वतला, जावईबापूंनी दोन्ही हातांनी फुडं धरला. समदे गोल करून बसलेले, तात्या, बब्रुवान, साहेब, माझी पोरगी... लेकराच्या तोंडात पयला घास घालताना बगतेत ना, तसे डोळे लावून. म्या घोट घेतला. डोळ्यातनं पानी आलं. त्यांस्नी वाटलं, आनंदानं आलं.

"कसा झालाय, आई?"

मी म्हनले, "आसा चहा मी जल्मात प्याले न्हाई."

खोटं न्हाई बोलले! पर समद्यांनी जो जल्लोष केला, जो जल्लोष केला... आन जावईबापूंनी सगळं पातेलंच माझ्याफुडं आनून ठिवलं, "मग पोटभर घ्या आई, आम्ही कुणीच घेत नाही, हा सगळा तुमचाच!"

मग काय करते... प्याले. बसून.